मामा निघाले कामा

मरोळच्या लॅबमध्ये निधीला भेटलेल्या लोकांना दोनच मामा ठाऊक होते. एक नाक्यावर पावती फाडणारा हवालदार, दुसरा म्हणजे कुणी गंडवलं की आपलाच होतो तो. आरे कॉलनीत ती राहायची त्या तबेल्यांमागच्या चाळीत मात्र तिसरा मामा होता, आणि त्याची चेष्टा कुणी करत नसे.

तिथे बिबट्याला बिबट्या म्हणत नसत. दिवेलागणीनंतर तर नाहीच. 'मामा निघाले कामा' असं यमक कधीतरी कुणीतरी जुळवलं. पुढे त्यातला मामाही गळून पडला आणि नुसतं 'कामाला निघालेत' एवढंच उरलं. ते आवाज न चढवता सांगायचं. ऐकणारा बसला असेल तर त्याने उभं राहायचं, उभा असेल तर पळायचं नाही, आणि दारात आलेल्या नातेवाइकाशी बोलावं तसं बोलत राहायचं.

प्राणिशास्त्र शिकलेल्या निधीने या रिवाजाचं कारणही स्वतःपुरतं लावलं होतं. खरं नाव ऐकलं की माणूस दचकतो, दचकला की पळतो. आणि बुटकं, पाठमोरं, पळणारं जे काही असेल ते बिबट्याच्या लेखी शिकार. लॅबमधल्या केयूरला तिने हे समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "यार, तुम्ही जनावरालाही नातं लावता? बॉसला लावून बघ ना, पगार वाढतो का."

एका संध्याकाळी वीज गेली होती. निधीची आई, सुगंधा, घरासमोरच्या नळापाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला खाली बसायची बंदी होती, पण मासे उभ्याने साफ होत नाहीत यावर ती ठाम होती. साफ केलेल्या माशांचं ताट घ्यायला निधी दारात आली.

नळामागच्या भिंतीवरून दोरीसारखं काहीतरी लोंबत होतं. त्याचं टोक हललं. मग निधीला भिंतीवर टेकलेले पंजे दिसले, आणि त्यांच्यावर आईच्या पाठीकडे बघणारं तोंड.

बिबट्या हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो तिने गिळला.

"आई," ती म्हणाली, "कामाला निघालेत."

सुगंधाचे हात थांबले. तिने मागे पाहिलं नाही. डावा हात पाटावर रोवून तिने अंग उचललं, अर्ध्यात थरथरली आणि पुन्हा खाली बसली. इतकी वर्षं मुंबईत काढूनही भीतीने तिच्या तोंडी मालवणीच आली.

"माका उठूक जमाचा नाय गो."

उभं राहता येत नसेल तर काय करायचं, हे रिवाजात नव्हतं.

निधी निघाली. पाय धावायला बघत होते आणि ती त्यांना चालायला लावत होती. "मामा, जेवलात का?" ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. "मामी बरी आहे ना? आज एकटेच आलात?" भिंतीवरचं तोंड आईवरून तिच्याकडे वळलं. एवढंच तिला हवं होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

तिने आईच्या काखेत हात घातले. सुगंधाचं सगळं वजन अंगावर आलं, ऑपरेशनचा पाय लाकडासारखा ताठ. मुलीच्या खांद्याला धरून ती उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "रे मामा, बांगडे आसत. माझ्या चेडवाक मात्र बघू नको."

तोही उभा राहिला. भिंतीवर तो तिला वाटला होता त्याहून लांब होता. मग भिंत रिकामी झाली. तो अलीकडे उतरला की पलीकडे, ते कळलं नाही. आवाजच झाला नाही.

मायलेकी उलट्या पावलांनी दाराकडे सरकल्या. अंधारात मामाला खुशाली विचारत राहिल्या, उंबरठा टाचेला लागेपर्यंत. निधीने कडी घातली, शिवाय दाराला टेबल लावलं. खिडकीतून सुगंधाने शेजारच्या माणिकताईंना निरोप दिला. त्यांनी तो पुढच्या घरात दिला. हलक्या आवाजातलं 'कामाला निघालेत' घराघरांतून चाळीच्या टोकाकडे गेलं, आणि मग सगळं शांत झालं.

"आई, बस आता," निधी म्हणाली.

सुगंधाने खिडकीचे गज घट्ट धरले होते. ती उभीच होती.

"नको गो," ती म्हणाली. "इतक्यात नको."