एका बाजूची भट्टी

"बाई, बंद करा ती भट्टी," सुपरवायझर म्हणाले. "पलीकडचा बर्नर गेलाय. एका बाजूने किती ओढणार?"

"चारपर्यंत माझी ड्यूटी आहे साहेब," आत्या म्हणाली. "चारपर्यंत मी बघते."

चारला तिची नोकरीच संपणार होती. तिला घरी न्यायला म्हणून मी सकाळीच येऊन बसले होते. आत भाजून झालेली चाळीस बेसिनं निवत होती. एक टोक आधी गार झालं की चिनी माती तडकते. म्हणजे एकतीस वर्षांत एकही घाणा न बिघडवलेल्या बाईवर शेवटच्याच दिवशी ठपका.

खरं तर मीच तिला धीर द्यायला हवा होता. तिच्या पगारावर शिकून मी उष्णतेच्या समीकरणावर प्रबंध लिहिला होता. एकाच टोकाकडून उष्णता कमीजास्त करून आख्खी सळई ठरल्या वेळी एकसारख्या तापमानाला आणता येते, हे साठ पानं खर्चून सिद्ध केलं होतं. पण कागदावरची सळई तडकत नाही.

पलीकडच्या टोकाचा तापमानाचा काटा घसरायला लागला. आत्याने गॅस वाढवला. जवळचा काटा चढला, सुपरवायझरांचा आवाजही चढला. मग तिने गॅस पार कमी केला आणि स्टुलावर बसून राहिली.

"अगं, पलीकडे अजून कमीच आहे," मी म्हणाले.

"निघालीये ऊब इकडून. पोचायला वेळ नको? घाई केली की जवळचं करपतं आणि लांबचं उपाशी राहतं."

पुन्हा वाढव, पुन्हा थांब. तीननंतर तिचा हात भराभर फिरू लागला. जरा जास्त, जरा कमी. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात अगदी असंच होतं, आणि ते तिने वाचलेलं नव्हतं. चारला पाच कमी असताना दोन्ही काटे एका आकड्यावर आले. मला सरळ रडू आलं.

"तुझ्या वहीत आहे का गं हे?" गॅस बंद करत तिने विचारलं.

"करता येतं, एवढं आहे. हाताने कसं करायचं, ते नाही."

"मग अर्धीच झाली की वही."

भट्टी उघडणार होती दुसऱ्या दिवशी. आत्या ती बघायला गेली. गेटवर तिला पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागली, गळ्यात पास अडकवावा लागला. भट्टीपुढच्या पिवळ्या रेषेपाशी ती थांबली. पाहुण्यांना त्यापुढे जाता येत नाही. सुपरवायझरांनी खुंटीवरची लाकडी हातोडी काढली आणि तिच्या हातात दिली.

तिने एकेक बेसिन वाजवून पाहिलं. तडा असला तर आवाज बद्द येतो. चाळीसच्या चाळीस खणखणीत वाजली. मग तिने हातोडी बाहीने पुसली, खुंटीला अडकवली आणि रेषेच्या अलीकडे येऊन उभी राहिली.