एका सुताचा फरक

डॉक्टर मंदाकिनी चित्रे यांची गाडी शीळफाट्याच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली ती १९५३च्या मार्चमध्ये, भर दुपारी. पलीकडच्या गावात आवडाबाई नावाची बाई बाळंतपणात अडली होती. मंदाकिनीने बॅग उचलली आणि चालायला लागली. पुढे एक बैलगाडी मिळाली, तरी पोचायला दोन तास उशीर झालाच. आवडाबाई वाचली. मूल वाचलं नाही.

गाडी दोन माणसांची, विलायती, लढाईच्या आधीची स्पोर्ट्स गाडी होती. मंदाकिनीचा भाऊ श्रीपाद आफ्रिकेत नोकरीला गेला, तेव्हा ती त्याने बहिणीला दिली. पाचवारी नेसलेली डॉक्टरीण त्या बुटक्या गाडीतून जाताना पाहायची कल्याणला दोन वर्षांत सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ती गाडी ओढून गोपीनाथ भोईरच्या गॅरेजात आणवली. गोपीनाथ लढाईत मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेला, चाळिशीचा माणूस.

"दर वेळी कार्बुरेटर साफ करून देता," मंदाकिनी म्हणाली. "या वेळी कारण सांगा. कारण कळेपर्यंत मी गाडी नेणार नाही."

गोपीनाथने इंजिन अर्धा तास चालू ठेवून चांगलं तापवलं. मग तेलाची बुधली घेऊन तो मॅनिफोल्डच्या सांध्यावर थेंब थेंब सोडू लागला. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बुरेटरमधून पेट्रोल आणि हवा इंजिनात नेणारा, चार फाटे असलेला ॲल्युमिनियमचा नळ. शेवटच्या फाट्याशी तेल पडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला.

"इथून हवा ओढतोय," तो म्हणाला. "गरम झाला की जास्त. मग चढावर पेट्रोल कमी पडतं."

त्याने मॅनिफोल्ड उतरवला. इंजिनाच्या भोकांवर कागद धरून तेलकट बोटाने दाबला, तसाच दुसरा मॅनिफोल्डच्या तोंडावर. दोन्ही ठसे एकावर एक ठेवून दाराशी उजेडात धरले. बोल्टची भोकं तंतोतंत जुळत होती. मधली मोठी अंडाकृती भोकं मात्र एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर-खाली होती.

गोपीनाथ बाकावर बसला.

"बाई, हा मीच बसवलेला."

"म्हणजे?"

"मूळचा चिरलेला. श्रीपादसाहेबांना बोटीची घाई होती. मी शहाडला दगडूच्या भंगारातून हा आणलेला. बोल्ट बसले, म्हणून तोच समजलो. आत बघितलं नाही."

मंदाकिनीने मॅनिफोल्ड उचलून आतल्या भोकांत बघितलं. मग म्हणाली, "त्या मुलाचं वजन साडेसहा पौंड होतं."

गोपीनाथने मान खाली घातली.

"सांगितलं नसतंत, तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"मला कळलेलं ना," तो म्हणाला.

तिने दोन्ही कागद उचलून पुन्हा उजेडात धरले. "हीच भोकं कानसीने मोठी करता येतील?"

"एवढी घासली तर भिंत पातळ होईल. पुन्हा चिरेल."

"मग बरोबरचा शोधायचा. रविवारी मी येते तुमच्याबरोबर."

रविवारी दोघं शहाडला गेले. दगडूच्या आवारात मिलिटरीचं आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान डोंगरासारखं पडलं होतं. दगडू हसला. "सगळे एकच आहेत, बाई. नंबर बघा ना."

खरंच, सगळ्यांवर ओततानाच उठवलेला एकच नंबर होता. गोपीनाथने उन्हात खपून त्याच जातीच्या इंजिनाचे अकरा मॅनिफोल्ड बाहेर काढले. मंदाकिनीने एकेकावर इंजिनाचा ठसा ठेवून पाहिला. वर सरकलेल्या भोकांचे तिने डावीकडे मांडले, खालच्या भोकांचे, म्हणजे ठशाशी जुळणारे, उजवीकडे. डावीकडे नऊ झाले, उजवीकडे दोनच.

"कंपनीने मधेच इंजिनाचं डोकं, हा बसतो तो वरचा भाग, बदललं असणार," गोपीनाथ म्हणाला. "नंबर तोच ठेवून."

मंदाकिनी उकिडवी बसून दोन्ही रांगा निरखत होती. तिने एक उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. "पोटाखाली हात फिरवून बघा. त्या नऊही जणांना इथे गाठ आहे. या दोघांना नाही."

गोपीनाथने बोटाने चाचपलं. दोन मधल्या फाट्यांच्या बेचक्यात सुपारीएवढा उंचवटा होता. उजवीकडच्या दोघांची ती जागा सपाट होती. तो परत पहिल्यापासून अकराही चाचपत गेला.

"हे कोणी सांगितलं नव्हतं मला," तो हळूच म्हणाला.

त्या दोघांतला एक तडकलेला होता. दुसऱ्यात दोन बोल्ट मोडून आत गंजून बसले होते. दगडू म्हणाला, ते निघणार नाहीत. गोपीनाथने तो कापडात गुंडाळून नेला. चार दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. रॉकेल घालायचं, तापवायचं, बारीक ड्रिलने केसाकेसाने पोखरायचं. घाईने ड्रिल तिरकं गेलं असतं, तर कल्याणात दुसरा नव्हता. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुसरा बोल्ट भुगा होऊन बाहेर आला.

मॅनिफोल्ड बसवल्यावर मंदाकिनीने गाडीची परीक्षा घेतली तीही भर दुपारीच. शेजारी गोपीनाथ, मागच्या फटीत वाळूची दोन पोती. शीळफाट्याच्या चढावर गाडी एकदा चढली. तिने वळवून खाली आणली, परत चढवली. तिसऱ्यांदा अर्ध्या चढावर मुद्दाम थांबून तिथूनच उचलली. गोपीनाथ डोळे मिटून आवाज ऐकत होता.

"काय?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

"सोमवारी प्लग बघायला येईन," ती म्हणाली. आवडाबाईच्या बाळंतपणाच्या त्या दिवसाबद्दल ती त्याच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही. पण गाडी तिने दुसऱ्या कुणाकडे नेली नाही. पुढच्या वर्षभरात आंबिवलीपासून शीळफाट्यापर्यंत कुठूनही बोलावणं आलं, तरी ती वेळेवर पोचली.

हळूहळू ठाण्याहूनही लोक तसल्या जुन्या गाड्या गोपीनाथकडे आणू लागले. बोल्ट बसतोय ना, मग बसवून टाका, असं कुणी म्हणालं की तो सांगायचा, "मी तसा बसवलेला एकदा." मग बोटाला तेल लावून तो कागद भोकांवर दाबून धरायचा.