तानाबाईंच्या दंडाला तोकडा पट्टा

मित्रांनो, नांदुऱ्याच्या एका घरात, कपाटातल्या स्वेटरांवर ठेवलेले पांढरे, कडेने पिवळट पडलेले जे यंत्र आहे, ते मी. घरच्या घरी रक्तदाब मोजणे हे माझे काम. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचे, मी हवा भरून घेतो आणि आकडे दाखवतो. बोलता येत नसले तरी ऐकू मला सारे येते.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा मला पुन्हा पुन्हा तपासले गेले. हवा भरली, सोडली, परत भरली. मी उत्तम ठरलो. माझ्या खोक्यावर एक बारीक ओळ छापली होती. हा पट्टा केवढ्या दंडासाठी आहे, ते त्यात लिहिले होते. ती ओळ वाचायला कोणाला सवड मिळाली नाही.

नांदुऱ्याच्या औषधांच्या दुकानात मी काचेमागे उभा होतो. एके दिवशी समताबाई आल्या. त्या शाळेत शिक्षिका. त्यांची आई तानाबाई वरवट बकालला एकटीच राहत असे, आणि तिला नुकतीच रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती.

"मॅडम, आईचा दंड मोजून आणला का?" दुकानदाराने विचारले. "जाड असन तं मोठ्या पट्ट्याचं घ्या. मनगटावरचंही येते, पन दंडावरचंच बरं."

समताबाईंनी बाहेर पाहिले. बस लागली होती. "नाही हो, नेहमीचंच द्या. हे पाहा, किती सुबक आहे. हेच द्या."

अशी माझी निवड झाली. मला फार आनंद झाला होता.

तानाबाईंनी आयुष्यभर निंदणी केली, कापूस वेचला, पाण्याचे हंडे वाहिले. त्यांचे दंड दांडगे होते. वरवटला पोचल्यावर समताबाईंनी पट्टा ओढून ओढून लावला, तेव्हा त्याची टोके एकमेकांना जेमतेम टेकली.

"लय आवळते वं," तानाबाई म्हणाल्या.

"आवळणारच माय. त्याचं कामच आहे ते."

आकडा खूप वर आला. दोघींचे चेहरे उतरले.

बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर मला मानाची जागा मिळाली. शेजारच्या गोजरबाई रोज यायच्या. त्या काडीसारख्या बारीक, त्यांचा आकडा नेहमी ठीक यायचा. "मशीन मोठी गुणाची हाय," असे त्या म्हणत आणि मी फुलून जात असे. तानाबाई मात्र माझ्याकडे धास्तावून पाहत. रोज सकाळी समताबाईंचा फोन येई. आकडा ऐकून त्या आधी काळजी करत, मग चिडत. मिठाचे सारे बंद झाले. पापड गेले, ठेचा गेला. आंब्याच्या लोणच्याची बरणी तानाबाईंनी आपल्या हाताने गोजरबाईंकडे नेऊन दिली. तरी माझा आकडा खाली येईना.

एका रविवारी समताबाई आल्या. गोजरबाई तिथेच शेंगा निवडत बसल्या होत्या. मोजले. आकडा वरच.

"माय, तू लपून खाऊन राह्यली."

"म्या नाही खाल्लं वं, समते."

"मग मशीन खोटं बोलते का? या वयात खोटं बोलून काय भेटते तुले?"

तानाबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि मला फळीवर ठेवले. गोजरबाई खाली मान घालून शेंगा निवडत राहिल्या.

समताबाई नांदुऱ्याला परतल्या आणि आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, हे मला मागाहून कळले. डॉक्टर म्हणाले, "आईंना एकदा घेऊन या, मी तपासतो." समताबाईंना शाळेतून सुटी मिळत नव्हती. "रोज तेच येते सर, गोळी वाढवून द्या," असा त्यांनी आग्रह धरला. गोळी वाढली.

मग तानाबाईंना गरगरायला लागले. त्यांनी फोनवर तसे सांगितले. "बीपी वाढलं असन," लेक म्हणाली. खाण्याचे पुन्हा नाव निघेल म्हणून आईने पुढे सांगणेच सोडले.

आणि एका सकाळी भांडी घासून उठताना त्या धाडकन पडल्या. मनगट मोडले. गोजरबाईंनी त्यांना जीपमध्ये घालून नांदुऱ्याला आणले. कपड्यांच्या पिशवीत मीही होतो.

हाताला प्लॅस्टर झाल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्या दंडाला आपला रुंद पट्टा बांधला. बसून मोजले, उभे करून मोजले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "यांचा रक्तदाब तर फार खाली आलाय. घरचे यंत्र दाखवा."

मला बाहेर काढले. तानाबाईंच्या दंडावर मी खऱ्यापेक्षा बराच फुगलेला आकडा दाखवला. मग डॉक्टरांनी मला समताबाईंच्या दंडावर लावून पाहिले. तिथे माझा आकडा त्यांच्या यंत्राशी जुळला.

"यंत्र चांगले आहे," डॉक्टर म्हणाले. "पट्टा तोकडा आहे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. आणि मीही न तपासता गोळी वाढवायला नको होती."

दुकानदाराचा प्रश्न समताबाईंच्या कानात घुमत असावा, कारण त्या माझा पट्टा हातात घेऊन त्याची लांबी बोटांनी चाचपत बसल्या होत्या.

पुढचे काही दिवस आई लेकीकडेच होती. समताबाई तिला न्हाऊ घालत, घास भरवत, वेणी घालत. पण तिच्या डोळ्यांत बघत नव्हत्या. शिंप्याकडची फीत आणून त्यांनी आईचा दंड मोजला, त्या मापाच्या पट्ट्याचे दुसरे यंत्र आणले, आणि डॉक्टरांकडे नेऊन ताडून पाहिल्यावरच ते घरात घेतले.

त्या संध्याकाळी त्या आईच्या पायाशी बसल्या. "माय, दुकानदारानं मले विचारलं होतं. म्या आयकलं नाही. माह्याच्यानं तुह्या हात मोडला."

"हात जुळून येईन," तानाबाई म्हणाल्या. "त्याचं मले काई नाही. पन गोजरबाईसमोर तू मले खोटारडी म्हणलं. ते अजून जात नाही वं मनातून."

समताबाई रडल्या. आईने त्यांना रडू दिले.

रविवारी त्या आईला वरवटला सोडायला गेल्या; कपड्यांच्या पिशवीत मीही होतो. घराचे कुलूप काढण्याआधी त्या गोजरबाईंच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आई शेजारीच होती. "मावशी, माय खोटं नव्हती बोलली. म्याच चुकीची मशीन आणली होती. तुमच्यासमोर तिले बोलली, म्हणून तुमच्याचसमोर सांगून राह्यली."

गोजरबाईंनी पदराने तोंड पुसले. "मले माहीत होतं वं. बरनी माह्या घरी होती. तानाबाईनं फोडभर लोणचं नाही मांगितलं कवा."

"मग तवा काऊन नाही बोलल्या?"

"बोलाले पाह्यजे होतं. तू शिकेल पोरगी. मले वाटलं, तुलेच जास्त समजत असन."

मग तानाबाई म्हणाल्या, "चाला, चहा ठेवतो." प्लॅस्टरच्या हाताने त्यांना कुलूप निघेना. ते समताबाईंनी काढले.

नवे यंत्र फळीवर राहिले, मी समताबाईंबरोबर परत आलो. प्लॅस्टर निघाले, पण तानाबाईंची मूठ अजून पुरती वळत नाही. भाकर त्या एकाच हाताने थापतात. सुटीत गावी गेल्यावर समताबाई त्यांना चुलीजवळ बसू देत नाहीत. इथे त्या कधीतरी मला काढून स्वतःचा रक्तदाब मोजतात. त्यांच्या दंडाला मी नीट बसतो. आकडा ठीक येतो, तरी मला ठेवताना त्यांचा हात जड होतो. मलाही फळीवरचा तो रविवार आठवतो. माझे बटण बरोबर होते, हवा बरोबर होती, आणि माझ्यामुळे एक खरे बोलणारी बाई गप्प झाली.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र घरी आणाल तेव्हा आधी दंड मोजा. त्या मापाचा पट्टा घ्या. एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी मला ताडून पाहा. आणि माझा आकडा एक सांगत असेल, घरचे माणूस दुसरेच सांगत असेल, तर आधी मला तपासा. मला कितीही तपासले तरी दुखत नाही.