दीड इंच

“चपला काढ, भिंतीला टेकून उभी राहा. आणि टाचा खाली,” मॉडेल पुरवणाऱ्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या.

टाचा खाली आल्या आणि तिचं उसनं अवसानही. भिंतीवरच्या पट्टीनं पाच फूट साडेसहा इंच दाखवले. फॉर्मवर तिनं स्वतःच्या अक्षरात पाच फूट आठ लिहिलं होतं. रांगेनं बसलेल्या वीसेक मुलींनी एकदम मोबाइलमध्ये डोकी घातली. त्यांच्याही फॉर्मवर थोडीफार थाप असणारच, पण पकडली गेली ही एकटी.

“काल तुझा फोन बंद होता,” बाई म्हणाल्या. “शोचे कपडे शिवायला टाकायचे होते, म्हणून फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर लावला. वडिलांनी सगळी मापं तोंडपाठ सांगितली. उंचीसकट.” बाई चिडल्या असत्या तरी परवडलं असतं, त्यांनी नुसता फॉर्म बाजूला ठेवला. “सगळ्या मुली एका उंचीच्या हव्यात गं. मी तरी काय करू?”

आठ महिने चौघींच्या खोलीत राहून मिळालेलं हे तिचं पहिलं मोठं काम होतं.

वडील शिंपी. तीस वर्षं एकच दुकान, एकच मशीन. गावातली निम्मी पोटं त्यांच्या मापाच्या वहीत बंद होती. एकदा शाळेचे हेडमास्तर म्हणाले, कंबर जरा कमी लिहा, मी बारीक होणारच आहे. “आधी व्हा, मग लिहितो. वहीत खोटं शिरलं की कापड वाया जातं,” असं उत्तर ऐकून हेडमास्तर महिनाभर फुगून बसले होते. त्या वहीत लेकीचं एक अख्खं पान होतं, ती पाच वर्षांची असल्यापासूनचं.

जिन्यातूनच तिनं फोन लावला. पलीकडे मशीन थांबलं.

“अगं, तुमच्या ऑफिसातून फोन होता काल. मी म्हटलं, लेकीच्या मापाला वही कशाला उघडायची...”

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपणा करायला? काम गेलं माझं.”

“माप चुकलं का माझं?”

“बरोबर होतं, म्हणूनच गेलं. मी फॉर्मवर पाच फूट आठ लिहिलं होतं. पायजमे शिवणाऱ्याला इथलं काय कळणार?”

ते म्हणाले, “चुकलंच माझं.”

तिनं फोन ठेवला. खोटं तिनं लिहिलं होतं आणि माफी त्यांनी मागितली होती. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की वरून उतरणाऱ्या मुलींना वाट देताना तिनं भिंतीकडे तोंड केलं. तरी पुन्हा फोन लावायला बोट काही उचललं नाही.

चार महिन्यांनी ती घरी आली. तोवर चपलांच्या जाहिरातीत तिची फक्त पावलं छापून आली होती. त्या दिवसाचा विषय वडिलांनी काढला नाही, तिनंही नाही. त्यांनी कपाटातून एक निळा पायघोळ ड्रेस काढून दिला.

“घालून बघ. तुझ्यासाठी शिवलाय.”

खांदे, कंबर, बाह्या, सगळं अंगावर चपखल बसलं. खालचा काठ मात्र जमिनीवर लोळत होता. दीड इंच. त्यांच्या हातचं कापड असं लोळताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं टेबलावरची वही उघडली. तिच्या पानावर वर्षावर्षाची उंची पेन्सिलीनं एकाखाली एक लिहिलेली होती. शेवटचा आकडा खोडून त्याखाली शाईच्या पेनानं लिहिलं होतं, पाच फूट आठ.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “पुन्हा एकदा माप घ्या ना.”

टेप त्यांच्या गळ्यातच होती. ती त्यांनी काढली नाही.

“असू दे तेच,” ते समजुतीनं म्हणाले. “परत तिकडून फोन आला तर माझ्या तोंडून भलतं जायला नको.”

आणि ते मशीनवर बसले. ती काठ मुठीत धरून तशीच उभी राहिली.