डेझ्ड, अकरा वाजून दहा मिनिटं

खोके कापायच्या मशीनचं लोखंडी झाकण माझ्या डोक्यात पडलं आणि आठव्या दिवशी कारखान्याने मला घरी बसवलं. का, तर मीच सही करून दिली होती म्हणे: झाकणाची खिटी मी काढली, चूक माझी. खिटी महिनाभर तुटलेली होती, मी दोनदा सांगितलंही होतं. पण माझं नुसतं तोंड, त्यांच्याकडे कागद. सही माझीच होती. ती केल्याचं आठवत नाही म्हटलं तर लोक गालात हसले.

सही घेतली सुपरवायझरने. त्याला आम्ही इंग्रज म्हणायचो. संडासाची कडी मोडली तरी त्याची नोटीस इंग्रजीत, आणि खाली मिनिटासकट वेळ. कुणाला लागलं की आधी अपघाताच्या वहीत नोंद करायची आणि मग मलमपट्टी, अशी आमच्याकडची रीत. बाकीचे सुपरवायझर 'डोक्याला मार' लिहून मोकळे होत. इंग्रजाचं तेवढ्यावर कसलं भागतंय.

चौकशी लागली तेव्हा मी त्या पानाची नक्कल मागून घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं, माझं नाव, आणि पुढे एकच शब्द: डेझ्ड.

मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं रद्दीतून. माझी थोरली बहीण शाळेत शिपाई आहे. तिने तिथल्या कपाटातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी दोन दिवसांसाठी मागून आणली. मी जेवणाच्या ताटावरच ती उघडली, तर म्हणाली, आधी गिळ, मग बॅरिस्टर हो.

अर्थ दिला होता: मार लागून किंवा धक्का बसून थोडा वेळ सुन्न झालेला, काही न सुचणारा. खाली वापर: 'दारावर डोकं आपटल्यावर तो काही क्षण डेझ्ड अवस्थेत उभा होता.'

उभा होता. हे दोन शब्द मी दहा वेळा वाचले. म्हणजे बेशुद्ध नव्हे. डोळे उघडे, पाय जमिनीवर, विचारलं तर हो म्हणेल, पेन दिलं तर चालवेलही. आत मात्र काही पोचत नाही.

"आणि सहीचा कागद कितीचा?" ताईने विचारलं.

अकरा पंधराचा. वेळ इंग्रजानेच घातली होती.

ताई उठून माझ्या शर्टाला इस्त्री करायला लागली.

चौकशीला कामगार खात्याच्या एक अधिकारी बाई होत्या. इंग्रजाने छाती काढून सांगितलं की हा शुद्धीवर होता, स्वतःच्या पायावर उभा होता, बोलत होता, वाचून सही केली. मी त्याला मनसोक्त बोलू दिलं. मग वहीचं पान आणि डिक्शनरी बाईंपुढे ठेवली. बाईंनी अर्थ मोठ्याने वाचला. वापरही वाचला.

"साहेब, घाईत शब्द चुकला असेल ना तुमचा?" मी विचारलं.

पळायला वाट मीच दाखवली होती. चुकला म्हणाला असता तर सुटला असता, आणि मी कायमचा घरी बसलो असतो. पण खोलीत कारखान्याचे चार साहेब बसले होते, आणि वीस वर्षं ज्याच्या अंगावर तो इंग्रजीत ओरडला तो कामगार त्याची चूक काढत होता.

"शब्द बरोबर आहे," तो म्हणाला. "मी चुकीचा शब्द लिहीत नाही."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. चार साहेबांपैकी एकाने कपाळाला हात लावला.

निकाल सांगण्याआधी बाईंनी अर्धा तास सुट्टी दिली. इंग्रज जिन्यात माझ्या मागे आला, चक्क मराठीत. म्हणाला, तुला परत घ्यायला मी सांगतो, फक्त सही करताना तू सावध होतास एवढं म्हण. "माझी दोनच वर्षं राहिलीत रे."

"माझी बावीस राहिली होती. तुम्ही ती पाच मिनिटांत आटोपलीत."

मी वर गेलो. माझा कागद रद्द झाला, मला कामावर घ्यायचा हुकूम निघाला, आणि त्याच्यावर खोटा जबाब घेतल्याची चौकशी बसली.

घरी ताईने विचारलं, दया नाही का आली. नाही आली. येते का बघायला मी जिन्यात थोडा थांबलोही होतो.