एका पाइपाची परवानगी

मराठी वाचकाला पाइपाला साजेशी तंबाखू निवडता यावी, म्हणून मी पंचाण्णव पानांचं पुस्तक लिहिलं. आमच्या बोळिंजमध्ये तंबाखू तळहातावर मळतात, चुना लावतात आणि ओठाआड ठेवतात. त्यात जुळवायचं असतं ते फक्त चुन्याचं प्रमाण. तरीही वाचकाची गरज मला दिसली. वाचकाला ती अजून दिसलेली नाही.

मी ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. कुणा दिवंगत गृहस्थाच्या घरून पाइपांवरच्या इंग्रजी पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. ती पुस्तकं कुणी नेईना, म्हणून मी वाचली. पाइप मात्र कधी तोंडाला लावला नाही. हे माझ्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. प्रती पलंगाखाली आहेत. एक फ्रिजच्या आखूड पायाखाली आहे आणि तिथे नेमकी बसते. "आलं की नाही कामाला?" असं म्हणून माझी बायको यमुना ती आल्यागेल्याला दाखवते. पुस्तकाचं तेवढं एकच परीक्षण आलं.

म्हणून माणिकपूरहून फोन आला तेव्हा चुकीचा नंबर लागला असेल असं मला वाटलं.

"लेखक बोलतात का? मी कॉन्रॅड. बोटीवर इंजिनीअर होतो, आता घरीच असतो. रद्दीवाल्याकडे तुमचं पुस्तक मिळालं. दोनदा वाचलं."

रद्दीवाल्याला कुणी दिलं, हे मी विचारलं नाही. प्रती मी नात्यातल्या माणसांनाच दिल्या होत्या.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कॉन्रॅडचा पाइप बंद केला होता. बायकोने, क्लेमेंटीनने, सगळे पाइप लपवले होते. आता पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला तिने एका पाइपाची परवानगी दिली होती. एकच. एकदा भरायचा, एकदा पेटवायचा, विझला की संपलं.

"तुम्ही येऊन जोडी जुळवून द्या," कॉन्रॅड म्हणाले. "चुकलं तर पुन्हा पंच्याहत्तरावा वाढदिवस कुठून आणू?"

मी पाइप ओढत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "दोनदा वाचलं" म्हणणाऱ्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं? मी येतो म्हणालो.

वाढदिवसाच्या सकाळी त्यांच्या व्हरांड्यात टेबलावर चार पाइप मांडले होते. दोन लाकडी, एक पांढऱ्या मऊ दगडाचा, एक मक्याच्या कणसाचा. शेजारी त्यांच्या मुलाने, स्टीवनने, परदेशातून पाठवलेले तंबाखूचे तीन डबे आणि कॉन्रॅडचा तंबाखू दाबायचा जुना पितळी दट्ट्या. दट्ट्याच्या टोकाला लालसर काहीतरी होतं. गंज, अशी मी मनात नोंद केली. पितळेला लाल गंज चढत नाही, हे आत्ता लिहिताना सुचतं आहे.

"पाइपाच्या निमुळत्या, खोल वाटीत व्हर्जिनिया तंबाखू," मी म्हणालो. "ती तापट असते. रुंद वाटीत लटाकिया. तिच्या धुरकट दर्पाला जागा लागते."

"पान बेचाळीस," कॉन्रॅड मान डोलवत म्हणाले.

माझ्या डोक्यात हवा गेली. माझं पान कुणी तोंडपाठ म्हणेल, याची मला सवय नव्हती.

"पण आधी प्रत्येक पाइप हुंगायला हवा. पाइप जुनी तंबाखू विसरत नाही."

"पान सत्तावन्न."

मी पहिला पाइप नाकाशी धरला. वास उबदार होता, किंचित गोडसर, आणि मागून झणझणीत.

"ओरिएंटल. तुर्की तंबाखू," मी डोळे मिटून म्हणालो. डोळे मिटण्याचं पुस्तकात नाही. ती भर माझी.

दुसरा हुंगला. ओरिएंटल. तिसरा आणि चौथाही.

"तुमची आवड फार एकनिष्ठ दिसते," मी म्हणालो.

कॉन्रॅड जरा ओशाळले. "मी तर जन्मभर व्हर्जिनियाच ओढली हो. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

माझ्या पुस्तकावर एवढा विश्वास मीही कधी ठेवला नव्हता.

तेवढ्यात क्लेमेंटीन पिठाच्या तळलेल्या गरम फुग्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणतात भाऊ?"

"ओरिएंटल," कॉन्रॅड म्हणाले.

"ती कोण?" त्यांनी एक पाइप उचलून नाकाशी नेला. "अहो, हा माझा मसाला! आठ वर्षं हे पाइप मसाल्याच्या कपाटात आहेत, बाटल्यांच्या मागे. घरात तेवढंच कपाट हे कधी उघडत नाहीत. आणि त्या दट्ट्याने तर मी दर मे महिन्यात बाटल्यांमध्ये वर्षाचा मसाला ठासते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही स्वतः कोणता पाइप ओढता?"

"मी... वाचतो," मी म्हणालो.

कॉन्रॅड हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"मग आता काय करू?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला माहीत नाही." पंचाण्णव पानांत इतकं खात्रीचं वाक्य एकही नाही.

त्यांनी आपला सर्वांत जुना पाइप घेतला, व्हर्जिनिया भरली, त्याच दट्ट्याने दाबली आणि काडी ओढली. पहिल्या झुरक्याला ते खोकले. मग क्लेमेंटीन खोकल्या, मग मी. फाटकाबाहेर रिक्षावाला शिंकला. मिरची जळाल्याचा ठसका व्हरांड्यात भरला आणि पाइप विझला.

कॉन्रॅड भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिले. डोळे नुसते मिरचीनेच भरले होते, असं मला म्हणवत नाही.

"गेला," ते म्हणाले. "माझा एक पाइप गेला."

क्लेमेंटीननी नाक पुसलं. "हा कसला पाइप? हा ठसका. हा मी धरत नाही. नाताळला ओढा. स्टीवनला नवा आणायला सांगते, आणि तो मी कपाटात ठेवणार नाही."

"खरंच?"

"एकच हां!" मग माझ्याकडे बघून, "भाऊ, नाताळला तुम्ही पण या. जुळवायला नको, जेवायला या."

निघताना कॉन्रॅडनी पुस्तक पुढे केलं. "सही राहिली. चूक पुस्तकाची नाही हो, कपाटाची आहे."

मी सही केली. सत्तावन्नाव्या पानाच्या समासात लिहिलं, 'आधी स्वयंपाकघरात विचारावे.'

बोळिंजला पोचलो. दार उघडताच यमुनाने नाक वर केलं.

"कुणाकडे मसाला जाळलात?"

तिने एकदाच हुंगलं होतं, आणि तेही डोळे उघडे ठेवून.