मयालीतला अंगारा

त्या वैशाखात कामठ्याच्या चमेलीबाईंच्या छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मयालीतून, म्हणजे छपराचा भार घेणाऱ्या आडव्या लाकडातून, देवीच्या फोटोवर रोज अंगारा झरत होता. पिवळसर, पिठासारखा मऊ. बायका पुड्या बांधून नेत होत्या. कुणी कपाळाला लावी, कुणी चिमूटभर जिभेवर ठेवी.

"देखो माई," भैयाजी महाराज सांगत होते, "माता मयालीत मुक्कामाला आली आहे. उधर देखो, भिंतीकडे पांढरी जटा फुटली! जहाँ जटा, वहाँ माता!"

जटा मीही पाहिली. बाहेर खिडकीला कुलर लावलेला, त्याच्या पाण्यानं तिथली भिंत कायम ओली. नेमके तिथेच मातेला केस फुटले होते.

सकाळी पोथीचा अध्याय झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही. पण अख्खं नागझिऱ्याचं जंगल मोकळं असताना देवी कुलरच्या ओलीत काऊन राहील, हे काही मनाला पटेना. तरी गप्प बसले असते. पण महाराजांचा हुकूम सुटला होता. गुरुवारी बारशाला चमेलीबाईंच्या नातवाचा पाळणा याच मयालीला टांगायचा, म्हणजे लेकराला शंभर वर्षं आयुष्य.

लेकराच्या आईनं, भूमेश्वरीनं, मला मागच्या दारी गाठलं.

"काकू, मले भेव लागून राहिला. मयाल मधात वाकून राहिली. सासूबाईले सांगतलं तर म्हणते, माता वजनदार आहे."

"लाकूड कोणतं गं?"

"शेतातल्या बांधीवरचा आंबा. मागच्या उन्हाळ्यात तोडला अन् तसाच चढवला."

"बोडीत बुडवून ठेवला नव्हता?"

"कुठं जी! बोडी आटली होती."

मी समजले. आपल्याकडे बांबू असो की आंबा, काही आठवडे बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात पडल्याशिवाय घरात घेत नाहीत. इथे घाई झाली होती.

सोमवारी मी महाराजांपुढे हात जोडले. "मयालीला कागदाचं वस्त्र घालू का?"

"जरूर, माई! वस्त्रदान महापुण्य!"

भाताची लई, म्हणजे खळ, लावून मी पांढरा कागद मयालीला घट्ट चिकटवला.

गुरुवारी सगळा गाव जमला. पाळणा टांगला गेला, दोऱ्यांना झेंडू बांधला. मी वर बोट केलं. कागदाला मोहरीएवढी चार गोल भोकं पडली होती आणि एका भोकातून बारीकसा तपकिरी किडा अर्धा बाहेर आला होता.

"हा कोन वं?" चमेलीबाईंनी विचारलं.

"माता का वाहन!" महाराज पापणी न हलवता म्हणाले.

"मग आमच्या जुन्या सुपातही माता असेल," मी म्हटलं. माझा आवाज लहान, लोक वाकून ऐकू लागले. "तिथेही हेच वाहन, हाच अंगारा. आम्ही त्याला घुण म्हणतो अन् सूप उन्हात टाकतो."

बायका पदराआड हसल्या. मी स्टुलावर चढले आणि धानाची पोती शिवायचा दाभण जटेखालच्या लाकडात टोचला. नेढ्यापर्यंत आत गेला, जणू डबलरोटीच!

"टोचू नको वं, देवी कोपल!"

"देवी नाही कोपत चमेलीबाई, मयाल कोसळते. ही जटा नाही, बुरशी आहे. ओल मिळाली की लाकूड खाते."

"मुहूर्त टळून राहिला!" महाराज ओरडले. "लेकरू आणा!"

भूमेश्वरीनं लेकराला छातीशी धरलं. सासूसमोर ती कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली.

"महाराज, आधी तुमीच बसा पाळण्यात. तुमचे पाय लागले का मंग माह्या लेकराले ठेवतो."

महाराजांनी मयालीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, मग दाराकडे.

"मेरा वजन जादा है, माई."

"माता सांभाळते ना जी?"

"माता तो सांभाळेल... पण लाकूड..."

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला. चमेलीबाई पाळण्याजवळ गेल्या. मग सुनेकडे न पाहताच म्हणाल्या, "सोडा तो पाळणा."

बारसं अंगणात झालं. दोन आत्यांनी लुगड्याची झोळी धरली आणि लेकरू त्यात झोपूनही गेलं. दुसऱ्या दिवशी शिवलाल सुतारानं मयाल उतरवली. कापली तर आत बोगदेच बोगदे, पिठानं भरलेले. भिंतीकडचं टोक हातात चुरलं.

यात गूढ काही नाही. कच्च्या लाकडात पिष्ट असतं, तेच घुणाच्या अळीचं जेवण. लाकूड पाण्यात मुरलं की ते धुऊन जातं, घुण सहसा फिरकत नाही. मऊ पीठ झरलं तर घुण समजा, मातीच्या नळ्या चढल्या तर उधई, म्हणजे वाळवी, ओलीला पांढरे धागे फुटले तर बुरशी. पुड्या बांधू नका, सुताराला बोलवा.

देवीपुढे मी आजही रोज दिवा लावते. तिनं डोळे दिले आहेत, ते मिटूनच वापरावे असं तिनं कुठे सांगितलेलं नाही. आणि कुणी चमत्कार घेऊन दारी आला, तर भांडू नका, शिव्या देऊ नका. भूमेश्वरीसारखं हात जोडून एवढंच म्हणा, "आधी तुमीच बसा जी."